नव्या गाडीपुढे क्लच प्लेट

घटस्थापनेचा दिवस, 22 सप्टेंबर 2025. इंदूरच्या देवास नाक्यावरच्या एका शोरूममध्ये आम्ही दोघं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो, हातात चहाचे कागदी कप. त्याच दिवसापासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला होता, त्यात नवरात्राचा मुहूर्त, म्हणजे शोरूमला लग्नघराची कळा. दाराला झेंडूचं तोरण, काउंटरवर पेढ्यांचं ताट, आणि मधोमध तो छोटा ट्रॅक्टर. सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, टायरांवरचे रबराचे बारीक केस तसेच. नव्या रबराचा आणि ताज्या रंगाचा वास मला लहानपणच्या कोऱ्या वह्यांच्या वासासारखा आवडतो. सेल्सचा मुलगा तेविशीचा असेल, शर्टावर कंपनीचं नाव, बोलणं गोड. तीन सिलिंडर, चारही चाकांना जोर, पॉवर स्टिअरिंग, हे सगळं त्यानं आरती म्हणावी तसं एका दमात म्हणून दाखवलं. त्याचं झाल्यावर मी विचारलं, "याची क्लच प्लेट आत्ता तुमच्याकडे आहे का? असली तर दाखवता?" तो बघतच राहिला. मग बॉनेटला हात लावून तोच हात कपाळाला लावला आणि हसत म्हणाला, "आंटी, नई गाड़ी के सामने क्लच प्लेट का नाम नहीं लेते." यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

पेढा खाऊन आम्ही निघालो. त्याचं तसं चुकलं नव्हतं. साखरपुड्याच्या बैठकीत मुलीच्या पाठदुखीची चौकशी कुणी करत नाही. पण विजयनगरपासून घरापर्यंत मी गप्प होते. यांना वाटलं, मला त्या मुलाचा राग आलाय. राग नव्हता. असलंच काहीतरी, इतक्याच गोड आवाजात, मीच कधीतरी कुणाला तरी म्हटलंय असं वाटत होतं आणि ते काही केल्या सापडत नव्हतं. रात्री भांडी विसळताना सापडलं.

मी बँकेत 31 वर्षं काढली. त्यातली बरीचशी तालुक्याच्या शाखांमध्ये, शेतीकर्जाच्या टेबलावर. ट्रॅक्टर मी किती पाहिले म्हणाल तर रस्त्यावर थोडे, कागदावर फार. कोटेशन, मार्जिनची पावती, आरसीवर बँकेचा बोजा, सहामाही हप्ता, एक सोयाबीनवर आणि एक गव्हावर. अशाच एका जूनच्या शेवटी, पहिला पाऊस पडून चार दिवस झाले असताना, एक शेतकरी टेबलासमोर येऊन बसला. पन्नाशीचा, पायाला काळी माती वाळलेली. खांद्यावरच्या गमछ्यात काहीतरी बांधून आणलं होतं, ते त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली. आत हायड्रॉलिकचा पंप होता. मूठभर आकाराचा, तेलानं काळा झालेला. ट्रॅक्टर लहान होता, कंपनी त्या भागात नवी होती, आणि ज्याच्याकडून घेतला त्या डीलरनं एजन्सी सोडून दुकानाला शटर लावलं होतं. पंप गेला, म्हणून मागची लिफ्ट उचलेना, लिफ्ट उचलेना म्हणून पेरणीयंत्र जमिनीवर बसलेलं. आपण मराठीत वाफसा म्हणतो, इथला शेतकरी 'बतर' म्हणतो. माती ओली असावी पण चिकट नसावी, असे ते मोजके दिवस. त्याची बतर सरत होती आणि तो पार्टसाठी इंदूर, उज्जैन, भोपाळ करून आला होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की मॅडम, तुमच्याच कागदावर त्या डीलरचा शिक्का आहे, तुम्हीच त्याला पैसे दिलेत, तर तुम्हीच विचारा. मी त्याला काय म्हटलं ते मला आता शब्दनशब्द आठवतं. "भैया, हप्ते का अलग मामला है, पार्ट का अलग."

तो वाद घालायला बसला असता तर बरं झालं असतं. त्यानं पंप पुन्हा गमछ्यात ठेवला, गाठ मारली. टेबलाच्या काचेवर तेलाचा वाटोळा डाग पडला होता.

तो डाग गमछ्याच्या टोकानं त्यानंच पुसला.

आता आम्हाला ट्रॅक्टर कशाला हवा, ते सांगते. हातोदच्या पुढे आमची थोडी जमीन आहे, सासऱ्यांनी राखलेली, धाकटे दीर बघतात. त्यातल्या एका तुकड्यात पेरूची बाग आहे. इंदुरात पेरूला जाम म्हणतात, आमच्या घरातही आता जामच म्हणतात. माझ्या पुण्याच्या आतेबहिणीला "जाम खाणार का" विचारलं तर ती पाव शोधायला लागते. तर ही झाडं बारा फुटांच्या ओळीत लावलेली. लहान होती तोवर ठीक, पण फांद्या दोन्हीकडून पसरल्या आणि मधली वाट पाच-साडेपाच फुटांची उरली. भाड्यानं येणारा चाळीस एचपीचा ट्रॅक्टर तिच्यात शिरला की फळं लागलेल्या फांद्या काडकाड मोडत जातात आणि ड्रायव्हर मागे वळूनही बघत नाही, कारण त्याला तासाचे पैसे. बैल जाऊन पंधरा वर्षं झाली. म्हणून छोटा ट्रॅक्टर. चार फुटी रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं अवजार, ओढेल, फांद्यांखालून जाईल, फवारणीचा पंप चालवेल. काळ्या मातीत खोल नांगरट त्याला झेपायची नाही, ती भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरकडूनच करून घ्यावी लागणार. यांना हे पटायला दोन आठवडे लागले. "ट्रॅक्टर घ्यायचा आणि वर भाड्याचाही बोलवायचा?" हो. मोठं पातेलं शेजारून आणतोच की आपण, लग्नकार्याला.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी असा ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं तर निवडीला फारसा वाव नव्हता. आता यादीच आहे. स्वराजचा 717 पंधरा एचपीचा, व्हीएसटीचा साडेअठरा, कुबोटाचा निओस्टार एकवीस, महिंद्राचा जिवो चोवीस, राजकोटचा कॅप्टन, सोनालिकाचे जीटी. यांनी यूट्यूबवर एकूण एक पाहिले. मी आपला कागदाचा रस्ता धरला. नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, तिचे अहवाल वाचायला मिळतात. मला कादंबरीपेक्षा अहवालात जास्त रस, हा माझा दोष सगळ्यांना ठाऊक आहे. इंजिनाचा एचपी एक आणि मागच्या पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर, हातात पडणारा त्याहून कमी, हे तिथं आकड्यात दिसतं. जाहिरातीत पहिला छापतात, रोटाव्हेटर चालतो दुसऱ्यावर. लिफ्ट किती किलो उचलते, वळायला किती जागा लागते, ड्रायव्हरच्या कानाशी आवाज किती, इतकंच काय, चाचणी संपल्यावर इंजिन उघडून कुठला भाग किती झिजला, सगळं त्यात असतं. देवास नाक्यावरचा तो छोटा ट्रॅक्टर त्या कागदांवर खरोखर उत्तम होता. मी दोन रात्री वाचलं आणि मनातून मानलं. फक्त आषाढात सकाळी सात वाजता फोन केला तर उचलेल कोण, हा रकाना त्यात नव्हता.

बागेत गेलो तेव्हा यांनी मोबाइलवर त्या ट्रॅक्टरचा व्हिडिओ आमच्या हाळ्याला दाखवला. सालदाराला इथं हाळी म्हणतात. वयानं मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना बासाब म्हणतो. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन पूर्ण बघितला, मशीन आवडल्याचं तोंडावर दिसत होतं. मग फोन परत देताना म्हणाले, "बिगड़ेगा तो सुधारेगा कुण?" आणि विळा उचलून गवत कापायला गेले. परतताना मी स्कूटरवर मागे बसून रस्त्यावरचे छोटे ट्रॅक्टर मोजले. यांच्या आवडत्या कंपनीचा एकही नाही. दुसऱ्या एका कंपनीचे चार, त्यातला एक चाकाविना विटांवर चढवलेला.

"बघ, बिघडलेलाच आहे," हे म्हणाले.

बिघडलेला होता, पण त्याच्याखाली एक माणूस पाठीवर झोपून काम करत होता.

त्यानंतर मी घरात काही न बोलता एक उद्योग सुरू केला. सकाळचे पोहे झाले की पिशवी घ्यायची आणि कुठल्या तरी डीलरच्या स्पेअरच्या खिडकीवर जाऊन उभं राहायचं. पुढच्या दारानं नाही. पुढे सेल्सचं एसी असतं, खिडकी मागच्या बाजूला, जिथं वाळलेला चिखल आणि बिड्यांची थोटकं असतात. अर्धा तास उभं राहिलं की पुरतं. देवास नाक्यावरच्या त्या शोरूमच्या मागे स्टीलचा झकास रॅक होता, त्यावर ऑइलचे डबे, टोप्या आणि कंपनीचे टी-शर्ट. फिल्टर होते. पट्टा होता. क्लच प्लेट, हायड्रॉलिक पंपाची सील किट, पुढच्या एक्सलचे गिअर, यातलं काही नाही. "ऑर्डर पे आ जाएगा." मेकॅनिक? "भोपाल से आता है, शेड्यूल बनता है उसका." दुसऱ्या एका ठिकाणी खिडकीच बंद होती. बोर्डाचं फ्लेक्स एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि त्या फटीतून खालच्या, आधीच्या कंपनीच्या नावाची दोन अक्षरं दिसत होती. मी तिथं उगाच थोडा वेळ थांबले.

तिसरं दुकान सांवेर रोडच्या अंगाला, जुनं. ट्यूबलाइटच्या उजेडात ग्रीस, रबर आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एकत्र वास. खिडकीवरच्या गृहस्थांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कॉम्प्युटर होता, पण ते वहीत बघत. ते मराठी आहेत हे मला पुठ्ठ्याच्या खोक्याची पिन त्यांच्या बोटात घुसली आणि "आई गं" उमटलं तेव्हा कळलं. देपालपूरकडचा एक शेतकरी रोटाव्हेटरचे शिअर बोल्ट मागत होता, एक पोरगा फोनवर वडलांना विचारून विचारून पार्टचा नंबर सांगत होता. गर्दी ओसरल्यावर मी माझा प्रश्न विचारला. त्यांनी वही चाळली. "या मॉडेलची प्लेट नाही, ताई. वर्षात दोन-तीन जातात. ठेवून काय करू? बँकवाले धरत नाहीत."

खिडकीच्या गजाला धरून मी उभी राहिले, कारण 'बँकवाले' म्हणजे मी.

हे जरा सांगायला हवं. डीलरला बँक सीसी लिमिट, म्हणजे लागेल तसे पैसे उचलायची मर्यादा, देते, ती त्याच्या मालावर. दर महिन्याला तो स्टॉक स्टेटमेंट देतो, त्यावर बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्यात किती उचलता येतील तो आकडा, काढते. जो माल महिनोन् महिने हलत नाही तो आम्ही त्यातून वजा करायचो. लाल पेननं ओळ मारायची, 'स्लो मूव्हिंग'. बँकेच्या बाजूनं त्यात गैर काही नाही, पडून राहिलेल्या मालावर पैसे का द्यायचे? पण मी ज्या ओळींवर लाल रेघ मारत होते त्या कशाच्या होत्या, हे मी कधी वाचलं नाही. हायड्रॉलिक पंप, सील किट, क्लच प्लेट. ज्या मॉडेलचे जिल्ह्यात वीस-पंचवीस ट्रॅक्टर, त्याचा पार्ट ठेवला तर डीलरचे पैसे अडकतात. नाही ठेवला तर लोक ते मॉडेल घेत नाहीत. घेतलं नाही म्हणून पार्ट आणखी हलत नाही. म्हणजे एका टेबलावर बसून मी त्या शेतकऱ्याला हप्त्याचं आणि पार्टचं वेगळं असल्याचं सांगत होते, आणि दुसऱ्या कागदावर लाल पेननं तोच पार्ट रॅकवरून काढायला लावत होते. डीलरला शिव्या घालणं त्या दिवसापासून मला जड जातं. तरी पूर्ण सुटत नाही, घालतेच.

मग खिडकीवरचे ते गृहस्थ म्हणाले, "लिहून ठेवतो. डेपोला पुढची ऑर्डर जाईल तेव्हा टाकतो." आणि खरंच लिहिलं, पेन्सिलनं.

यांचा युक्तिवाद वेगळा होता आणि त्यात दम होता. यांच्या काकांकडे एचएमटीचा 2511 होता. पंचवीस एचपीचा, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या धर्तीचा. पिंजोरच्या कारखान्यात 1971 पासून हे ट्रॅक्टर बनत होते. 2016 मध्ये तो कारखाना बंद करायला केंद्रानं मंजुरीसुद्धा दिली. म्हणजे बनवणाराच बसला. पण काकांचा ट्रॅक्टर त्यानंतरही चालला, इंदूरच्या सियागंज बाजारात पार्ट मिळत राहिले, आणि लिंबाखाली बसणारा मिस्त्री आवाज ऐकून सांगायचा की काय झालंय. "डीलर कुठं होता तेव्हा?" हे विचारायचे. खरं आहे. पण त्या मशीनमध्ये डोळ्यांना दिसणार नाही असं काही नव्हतं, आणि प्रत्येक दोन गावांआड एक तसाच उभा होता, जिवंत नाहीतर पार्ट काढायला मेलेला. आमच्या यादीतल्या छोट्यांच्या पुढच्या एक्सलमधले बारीक गिअर लिंबाखाली कुणी खोललेलेच नाहीत अजून. 2022 च्या जुलैत केंद्रानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा मोबाइलबरोबर शेतीची यंत्रंही त्यात घेतली होती. बातमी वाचली तेव्हा मी आनंदानं ती यांना वाचून दाखवली होती. हक्क चांगलाच. बतर मात्र चार दिवसांची.

धनत्रयोदशीला आम्ही सांवेर रोडवाल्यांकडून घेतला. नाव सांगत नाही, जाहिरात नको. दोन सिलिंडर, चढ्या आवाजाचा, उभ्याउभ्या थरथरतो, इतका की पहिल्या दिवशी बॉनेटवर ठेवलेलं पूजेचं नारळ आपोआप घरंगळलं आणि दिरांनी ते झेललं. स्टिअरिंग त्या दुसऱ्यासारखं लोण्यासारखं नाही. तासभर चालवून उतरले की हे कमरेवर हात ठेवून माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की मी स्वयंपाकघरात जाते. मला पश्चात्ताप झाला का? झाला, अधूनमधून होतो. देवास नाक्यावरून जाताना काचेआड तो उभा दिसतो, तेव्हा चुकीच्या घरी मुलगी दिल्यासारखं वाटतं. उत्तम मशीन आहे ते, आणि आमच्यासारखे सगळे घाबरून मागे सरले तर त्याचे वीस-पंचवीसही व्हायचे नाहीत, हेही मला कळतं. पहिल्यांदा घेणारा कुणीतरी लागतोच. ती हिंमत आम्ही केली नाही, एवढंच.

तो गोड बोलणारा मुलगा दिवाळीनंतर फोन करत होता. पहिल्यांदा ऑफर सांगायला. दुसऱ्यांदा नंबर नवा होता, आवाज तोच. "आंटी, वहाँ छोड़ दिया मैंने." आता तो तिसऱ्याच कंपनीच्या शोरूममध्ये होता आणि त्या कंपनीचा ट्रॅक्टर कसा सगळ्यांत भारी आहे ते सांगायला लागला. मी म्हटलं, बाळा, आम्ही घेतला. "कोई नहीं आंटी, किसी को लेना हो तो बताना." त्याच्यावर रागवता येत नाही. त्यालाही कुठंतरी टिकायचंच आहे.

पन्नास तास भरले तेव्हा पहिल्या सर्व्हिसला मी स्वतः फोन केला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, आणि घड्याळ बघत बसले. मोटरसायकलवर मागे पत्र्याची पेटी बांधून मेकॅनिक आला तेव्हा अकरा चाळीस झाले होते. तेल बदललं, नट आवळले, लिफ्टची गळती बघितली. बासाब त्याच्या शेजारी उकिडवे बसून प्रत्येक पान्याचा नंबर विचारत होते. मी पोहे केले, वरून शेव आणि जीरावन मसाला. दोन तास तीस मिनिटं, हे मी डायरीत लिहिलं. मोजायची सवय जात नाही. घरात वरच्या फळीवर लोणच्याच्या बरणीशेजारी आता दोन डिझेल फिल्टर, एक पट्टा आणि मूठभर शिअर बोल्ट आहेत, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेले. सून म्हणते, आई, हे वास मारतंय.

परवा दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर.

"ताई, सांवेर रोडवरून बोलतोय. ती प्लेट आली."

"कोणती प्लेट?"

"क्लच प्लेट. तुम्हीच नव्हती का विचारली, नवरात्रात? तेव्हा गाडी घ्यायची होती तुमची."

मी म्हटलं, अहो, गाडी व्यवस्थित आहे, क्लच उत्तम आहे, आत्ता काही लागणार नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता. मागे कुणीतरी हातोड्यानं पत्रा ठोकत होतं. "मग परत पाठवू? महिनाअखेरीला स्टेटमेंट जातं, उगीच पडून राहील." मला टेबल दिसलं, माझ्या जागी बसलेली एखादी मुलगी दिसली, तिच्या हातातलं लाल पेन दिसलं.

"परत पाठवू नका. पैसे मी पाठवते, बिल माझ्या नावानं करा. पण प्लेट तुमच्या रॅकवरच राहू द्या."

"तुम्हाला नको आणि रॅकवर राहू दे?"

"हो."

"आणि दुसऱ्या कुणाची गाडी अडली तर?"

"त्याला द्या. मग माझ्यासाठी दुसरी मागवून ठेवा."

ते काही बोलले नाहीत. फोनमध्ये वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, मग पेन्सिलचा.